निकेशच्या गळ्यातली शिट्टी

मी निकेशच्या गळ्यातली शिट्टी. आता त्याच्या गळ्यात नसते, पण सावरटोल्यात कुणालाही विचारा, माझी ओळख तीच सांगतील. आणि मला विचाराल तर गावातल्या कुणाचीही ओळख मी सांगीन. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची सून रुसली, कुणाच्या चुलीवर आज दुपारपर्यंत भांडं चढलं नाही, सगळं. दिवसभर माणसाच्या छातीवर लोंबकळलं की कानावर काय येत नाही! पण आज दुसऱ्याचं नाही, माझंच सांगते.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. अंग स्टीलचं, पोटात एक हलकी गोळी. पहिली चार वर्षं मी जंगलखात्याच्या एका साहेबांच्या गळ्यात होते. तिथं फारशी वाजले नाही, नुसती चमकले.

मग दोन पिल्लांची वाघीण आमच्या गावाच्या आजूबाजूला दिसायला लागली. जंगलखात्यानं गावातल्या चार पोरांची टोळी करून त्यांना जॅकेटं, काठ्या, शिट्ट्या दिल्या. खोक्यात प्लास्टिकच्या शिट्ट्या तीनच निघाल्या. चौथा निकेश हात पुढे करून तसाच उभा. साहेबांनी मला स्वतःच्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातलं. "सांभाळ रे," एवढंच म्हणाले.

मोहाचे दिवस होते. मोहफूल पहाटे गळतं आणि ऊन चढलं की सुकतं, म्हणून बाया उजाडायच्या आधीच टोपल्या घेऊन निघतात. बाकी तिघं डोंगरीकडं उभे राहायचे, निकेश नाल्याकडं. नाल्याचा नियम त्यानंच घातला होता. आधी तो काठी आपटत आतून चक्कर मारून यायचा, मातीत पंजे बघायचा. सगळं ठीक दिसलं की मला एकदाच लांब फुंकायचा. तोवर बाया धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून राहायच्या. मी वाजले की उठायच्या. प्लास्टिकच्या शिट्ट्या चिरक्या, माझा आवाज खणखणीत. लटारूभाऊची बायको रुखमाबाई तर म्हणायची, "आली वो निकेशची शिट्टी, चाला." जशी मी तिच्या शेजारचीच कुणी.

आता फुटबॉलचं सांगते. धान निघालं की नाल्याच्या अलीकडच्या दोन बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सपाट करून आमची पोरं मैदान करतात. दरवर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या बेलपार गावाशी मॅच. उन्हामुळे सकाळी सातला. जिंकणाऱ्याला बोकड. तीन वर्षं बोकड बेलपारलाच गेला होता, आणि बेलपारचं कुणी बाजारात भेटलं की मुद्दाम बें-बें करायचं.

मॅचच्या आदल्या दिवशी आशाबाईच्या चहाच्या टपरीवर काय वाद झाला! निकेश तिथंच बसला होता, म्हणजे मीही होते.

लटारूभाऊ एके काळचा सेंटर फॉरवर्ड, आता एक गुडघा धरून चालतो. तो म्हणाला, "टोळीत चार पोट्टे, आन् चारही आपल्याच टीमचे! मंग उद्या खेळन कोण, आशाबाईची शेळी?"

"माह्या शेळीचं नाव नको घेऊ भाऊ," आशाबाई गाळणी झटकत म्हणाली, "तुह्या टीमपेक्षा ते बरी धावते."

अकरमभाई सायकली दुरुस्त करतो आणि मॅचला रेफ्री असतो. तो म्हणाला, "बेलपारवाल्याइले सांगू नं, एक महिना थांबा. मोह सरू द्या."

"थांबा म्हटलं तं का म्हणतीन ते? सावरटोला वाघाले नाई, आमालेच भेलं!" लटारूभाऊ म्हणाला.

सगळे हसले. पण हसण्यानं पोरं मिळत नाहीत. मग कुणाला काढायचं यावर घासाघीस सुरू झाली. डोंगरीकडं कालच वाघीण दिसली होती, तिकडचे तिघं हलवायचे नाहीत, यावर एकमत झालं. राहिला निकेश. आणि गोलकीपरही तोच.

"नाल्याकडं आठ दिवसापासून पंजा नाई," लटारूभाऊ म्हणाला. "दिसला का बे निकेश?"

"नाई दिसला काका. पन बाया येतेत नं तिथी."

"दोन घंटे उशिरा वेचला तं मोह का पळून जाते? नऊले तू मोकळा. अन् माह्या घरची बी तिथीच येते नं. मले का तिची काळजी नाई?"

निकेशनं मान डोलावली. पण एक गोष्ट फक्त मला ठाऊक आहे. मी त्याच्या छातीवर होते. त्याचं काळीज धडधडत होतं, आणि ते भीतीनं नव्हतं. त्याला खेळायचं होतं. बावीस वर्षांच्या पोराला का खेळावंसं वाटू नये?

तरी पोरगा बेजबाबदार नव्हता हो. संध्याकाळी तो घरोघर फिरला. "उद्या माही शिट्टी वाजल्याशिवाय नाल्यात कोनी उतरू नका. मॅच झाली की येतो, मंगच वाजवतो." रुखमाबाई दारात तांदूळ निवडत होती. ती हसली. "या बुढ्याचं काऊन ऐकतं बाबू? तू नको जाऊ मॅचले." मग सुपातून वर न बघताच म्हणाली, "बरं, जा. पन लवकर येजो. ऊन झालं की फूल सुकते."

रविवारी सात वाजता दोन्ही गावं मैदानाभोवती जमली. अकरमभाईनं आपली जुनी शिट्टी तोंडात धरली, तर नुसती हवा. आतली गोळी कुठंतरी अडकलेली. त्यानं ती आपटली, झटकली, पुन्हा फुंकली. बेलपारवाले ओरडायला लागले, "शिट्टी नाई तं बोकडाले वाजवाले सांगा!"

लटारूभाऊ लंगडत गोलपाशी आला आणि मला निकेशच्या मानेवरून ओढून काढलं. "गोलात उभा राहून तू का शिट्टी वाजवशीन? दे इकडं."

निकेशचा हात गळ्याकडं गेला. अर्ध्यात थांबला. मग त्यानं हातमोजे चढवले.

कुणाच्या लक्षात आलं नाही. एवढी साऱ्या गावाच्या घरात कान घालणारी मी, माझ्याही लक्षात आलं नाही. अकरमभाईनं मला ओठांत धरलं आणि लांब फुंकलं. वारा नाल्याकडचा होता. आणि लोक बघत होते ना, म्हणून मी जीव ओतून वाजले. तसं त्याआधी कधी वाजले नव्हते.

मॅच छान रंगली होती, हे सांगतानाही मला लाज वाटते. बेलपारला पेनल्टी मिळाली. निकेशनं डावीकडं झेप घेऊन ती अडवली. लटारूभाऊ दुखऱ्या गुडघ्यावर नाचला. "पाह्यलं का? म्हनून आनला त्याले!" असं तो प्रत्येकाला सांगत सुटला.

तेवढ्यात नाल्याकडून बुधरी आली. रुखमाबाईची रोजची सोबतीण. डोक्यावर टोपली नाही, पायात चप्पल नाही. मैदानाच्या मधोमध येऊन ती खाली बसली.

"शिट्टी वाजली म्हनून शिरलो आमी," ती म्हणाली. "रुखमाबाई म्हने, आयकलं का वो? मॅच सोडून आला पोट्टा. आपल्यासाठी आला. म्हने, मले मालूम होतं, येते तो."

 फक्त नाल्याकडं हात करत राहिली.

मी अकरमभाईच्या तोंडातून मातीत पडले. दुसरी कुठली शिट्टी असती तर रुखमाबाई जागची हलली नसती. चिरक्या आवाजाला ती मॅचची शिट्टी समजली असती. पण तिनं मला ओळखलं.

रुखमाबाईच्या तेरवीला बेलपारची माणसंही आली. खाली मान घालून जेवली, कुणी मॅचचा विषय काढला नाही. त्यांनी बक्षिसाचा बोकड आणून आशाबाईच्या अंगणात बांधला. तो आजही तिथंच आहे, त्याला कापायचं नाव कुणी काढत नाही. निकेशनं जॅकेट परत केलं आणि मला टपरीच्या खिळ्याला अडकवून गेला. लटारूभाऊ त्याला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर पोरगा मोकळा झाला असता असं मला वाटतं. आता दोघं समोरासमोर आले की एकजण वाट बदलतो.

वर्षभर मी त्या खिळ्यावर होते. टपरीवर माणसं अजून बसतात, पण फुटबॉलवर कुणी वाद घालत नाही. यंदा मोह गळायला लागला आणि बाया पुन्हा धुऱ्यावर येऊन बसल्या. उठेनात. तेव्हा लटारूभाऊनं मला खिळ्यावरून काढलं आणि निकेशच्या दारात गेला. वर्षभरानं पहिल्यांदा.

"घे. बाया बसल्या हायेत."

निकेशनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मले नाई फुंकता येत आता, काका."

"मले तरी कुठी येते," लटारूभाऊ म्हणाला, आणि त्यानं मला आपल्याच गळ्यात घातलं.

तेव्हापासून पहाटे तो जातो. लंगडत चक्कर मारतो, पंजे बघतो, परत येतो, आणि धुऱ्यावरच्या एकेकीला नाव घेऊन सांगतो, "बुधरी, जा. रंजीता, जा आता." मला फुंकत नाही. खरंच वाघीण आली तर फुंकेल का, हीच मला रोजची काळजी. तेवढ्यापुरतं तरी फुंक रे भाऊ, मी तुझ्या पाया पडते.

आणि तुम्ही, चहा पिता पिता टीम ठरवणाऱ्या माणसांनो, मॅचला एखादा आला नाही तर त्याला बोलावण्याआधी एवढं विचारा, की तो कुठं उभा आहे आणि त्याच्या भरवशावर कोण बसलं आहे.

काल पाचोळा खसखसला. लटारूभाऊनं झटकन मला ओठांशी नेलं.  झुडपातून एक चितळ निघालं आणि निघून गेलं. त्यानं मला खाली घेतलं नाही. तसंच ओठांशी धरून, नाल्याकडं बघत, अगदी हळू म्हणाला, "रुखमा, घरी चाल वो."

त्या श्वासानं माझ्या पोटातली गोळी जराशी हलली. आवाज झाला नाही.