उजेड फक्त पायांवर

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. तीन सेलची, पितळी अंगाची, काचेला एक तडा गेलेली. आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. तुमच्यात कुणी लहान असेल तर त्याने आधी मोठं व्हावं आणि मग हे वाचावं, कारण माझी सगळी नोकरी 'फक्त प्रौढांसाठी' अशी पाटी लावलेल्या थिएटरात झाली.

कारखान्यात माझं बटण शंभर वेळा दाबून बघितलं होतं. म्हणजे जन्मल्या जन्मल्या माझ्यावरच संशय! मग मी एका डोअरकीपरच्या हाती आले. अंधारात माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत नेणं हे त्याचं काम. पहिल्याच दिवशी मॅनेजरने बजावलं, "उजेड फक्त पायांवर. तोंडावर टाकलास तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं."

कारण आमच्याकडे दिवे चालू असताना कुणी आत येतच नसे. लोक बाहेर पोस्टरकडे पाठ करून उभे राहायचे, आत अंधार झाला की एकेक करून सरकायचे आणि दिवे लागायच्या आत पसार व्हायचे. एकोणीस वर्षं मी नुसते पाय बघितले. चकचकीत बूट, झिजलेल्या चपला, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. कोण कुणाला चुकवून आलंय ते मी चालीवरून ताडायची. पडदा मात्र ना त्याने बघितला, ना मी. आमची पाठ पडद्याकडे आणि तोंड खुर्च्यांकडे.

घराच्या जिन्यात दिवा नव्हता, म्हणून तो मला पिशवीत टाकून घरी न्यायचा. आपलं थिएटर कौटुंबिक चित्रपटांचं आहे, असं त्याने घरी सांगून ठेवलं होतं. जेवताना बायको विचारायची, "सध्या काय लागलंय हो? गोष्ट काय आहे?" मग हा बिचारा गोष्ट रचायचा. "दोन भाऊ असतात. वेगळे होतात. शेवटी एकत्र येतात." पुढच्या आठवड्यात तीन भाऊ. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत दोन, पण त्यातला एक वकील. मी पिशवीतून ऐकायची आणि मनात म्हणायची, अरे बाबा, एखादी बहीण तरी घाल मध्ये! वाढता वाढता बायकोच्या पळीचा आवाज मात्र थांबायचा. कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला कळलंय, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

एका मंगळवारी दुपारच्या शोला काळे बंद बूट आले. बायकी. एकटे. शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसले. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच, चित्रपटही तोच. गेटवर तिकीट फाडणारा माणूस सारखा खोकायचा म्हणून त्याला सगळे खोकल्या म्हणत. तो कुजबुजला, "तोंडावरून रुमाल घेऊन येते. कुणाला तरी भेटत असणार. लक्ष ठेव." माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. पण तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच असायची. मधला तो सीन झाला की निम्मा हॉल उठून जायचा. ही बाई मात्र जवळजवळ शेवटपर्यंत बसायची.

पाचव्या मंगळवारी बूट आले नाहीत. साध्या चपला आल्या, चाल मात्र तीच. मी उजेड टाकला आणि डोअरकीपरचा हात जागीच थांबला. उजव्या घोट्याखाली भाजल्याचा डाग होता. तो डाग मी घरी बघितलेला. त्याला तर तो विसरणं शक्यच नव्हतं, कारण लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याच्याच हातून गरम किटली कलंडली होती.

त्याने तिला गुपचूप खुर्चीपर्यंत नेलं आणि तो दाराशी येऊन उभा राहिला. "कोण येतो हिच्याबरोबर?" तो पुटपुटला. एकवीस वर्षांचा संसार त्या एका प्रश्नावर टांगलेला होता. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, असणारच कुणीतरी. त्या रांगेतले सगळे पाय आम्ही दोनदा तपासले. मग तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि एकोणीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्याने केलं. मला वर उचललं आणि उजेड थेट तिच्या तोंडावर टाकला.

हॉलभर खुर्च्या खडखडल्या. जो तो चेहरा लपवायला खाली वाकला. ती तेवढी हलली नाही. तिचे डोळे ओले होते आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"उजेड खाली घ्या," ती म्हणाली. "मला पडदा दिसत नाहीये."

"कुणाबरोबर आलीस?"

"कुणाबरोबर नाही. पहिल्यांदा आले ती तुमच्यासाठी. म्हटलं, हे भाऊ तरी कोण ते बघू. नंतर माझ्यासाठी येत राहिले."

"हे असलं बघायला?"

"तुम्ही बघितलंय का कधी?"

त्याने उजेड खाली घेतला.

"मग आज गोष्ट मी सांगते," ती म्हणाली. "एक बाई असते. लग्नाला खूप वर्षं झालेली. ती एकाला भेटते. लोक तेवढंच बघतात आणि जातात. पण नंतर ती घरी येते, आरशासमोर बसते आणि स्वतःला विचारते, मला काय हवंय? तिला सांगताच येत नाही. आधी हसते, मग रडते. मी त्या सीनसाठी येते. मलाही सांगता येत नाही हो. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आणि मीसुद्धा नाही."

"ओ, घरचं भांडण घरी करा!" पुढून कुणीतरी ओरडलं.

त्याने मला विझवलं आणि तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. पहिल्यांदाच आमचं तोंड पडद्याकडे झालं. आरसा आला. ती बाई आली. उशिरा आलेला एकजण अंधारात भलत्याच माणसाच्या मांडीवर जाऊन बसला, तरी आम्ही उठलो नाही. घरी जाताना जिन्यात त्याने विचारलं, "मग तुला काय हवंय?" ती म्हणाली, "विचार करून सांगते."

मॅनेजरने त्याला दुसऱ्याच दिवशी काढलं. नियम म्हणजे नियम. तो एका छापखान्यात पुस्तकबांधणीला लागला आणि मी कपाटाच्या खणात गेले. तिचं पहिलं उत्तर महिनाभराने माझ्या कानावर आलं. तिला झोपायला खिडकीकडची बाजू हवी होती. इतकी वर्षं तिकडे तो झोपायचा. बाकीची उत्तरं दार लावून दिली गेली. ती काय होती, देव जाणे. माझ्यातले सेल काढायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. ते पाझरले, माझी स्प्रिंग खाल्ली गेली आणि मला फार वाईट वाटलं.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी वीज गेली. तिने मला बाहेर काढलं, गंज खरवडला, नवे सेल घातले आणि उजेड नेमका त्याच्या तोंडावर टाकला.

"अगं, तोंडावर कशाला?"

"तुम्हाला काय हवंय?" तिने विचारलं.

"मला?" तो गडबडला आणि सवयीने म्हणाला, "दोन भाऊ असतात..."

"भाऊ नकोत. तुमचं सांगा."

तो डोळे मिटून, मान वळवून बसला. मग तिने मला विझवलं, आणि अंधारात तो हळूहळू बोलायला लागला.

मित्रांनो, तो काय बोलला ते मी तुम्हाला सांगणार नाही. पण घरात माझ्यासारखी एखादी पडून असेल तर तिचे सेल काढून ठेवा. आणि कधी कुणाच्या तोंडावर उजेड टाकून काही विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत तो तसाच धरून राहू नका.