न पेटणारा लाल दिवा

नेकनूरच्या स्टँडमागं इसाकभाईंचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. मागच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय हळूहळू सुधारला, बोलणंही ताळ्यावर आलं, पण उजवा हात काही परतला नाही. पेचकस धरायला गेलं की तो बोटांतून गळून पडायचा. तेव्हापासून दुकानाचं शटर खालीच होतं. इसाकभाई ओट्यावर बसून पाण्याचे टँकर जाताना बघत. एखाद्या गाडीचा सेल्फ अडखळला की त्यांची मान आपोआप तिकडं वळायची. त्यांची बायको अजमतबी हे दारातून पाहायची आणि आत जायची.

त्या साली पाऊस झालाच नव्हता. जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं आणि दूध संस्थेची जीप दिवाळीपासून शेडमध्ये उभी राहिली. एका सकाळी तीच जीप ट्रॅक्टरला बांधून ओढत इसाकभाईंच्या दारात आणली गेली. संस्थेचा ड्रायव्हर राधाकिशन खाली उतरला.

"इसाकभाई, लई अडचण झालीय," तो म्हणाला. "आमची अंजना ऊसतोडीला गेलीय, तिकडं कोल्हापूरकडं. आठवा लागलाय. पाय सुजलेत. डॉक्टर म्हणतो घरी न्या, पण एसटीनं नको. चेअरमन विठ्ठलरावांनी संस्थेची जीप न्यायला परवानगी दिली, पण ही उठंना."

"बॅटरी बसली असंल."

"चार्ज करून टाकली की. दोन दिवस गावात चालवली. आज सकाळी पुन्हा मेली. रस्त्यात असं झालं तर पोरीला घेऊन मी कुठं जाऊ?"

इसाकभाईंनी मांडीवर पडलेल्या हाताकडं पाहिलं. "बीडला ने. माझ्याच्यानं आता होत न्हाई, राधाकिशन."

 राधाकिशन जीपच्या फुटबोर्डवर बसला आणि गमछ्यानं तोंड पुसू लागला. तेवढ्यात आतून किल्ल्यांचा आवाज आला. अजमतबीनं शटरचं कुलूप काढलं, दोन्ही हातांनी ते वर ढकललं आणि हत्यारांची पेटी ओढत बाहेर आणली.

"तुमी सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी करते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काय न्हाई कळत. म्हणून तर सांगा म्हणते."

इसाकभाई चिडले, हे त्यांच्या जबड्यावरून दिसलं. पण अजमतबीनं साडीचा पदर खोचला होता आणि बॉनेट उघडून ती वाट पाहत उभी होती. शेवटी ते काठी टेकत उठले आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

आधी त्यांनी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल साफ करून घेतले. त्यांच्यावर हिरवट पांढरी बुरशी चढली होती. अजमतबीनं गरम पाणी ओतून, घासून ती काढली. मग ट्रॅक्टरची बॅटरी तात्पुरती जीपमध्ये बसवायला राधाकिशननं मदत केली.

"आता काळी वायर काढ," इसाकभाई म्हणाले. "तिच्या अन् बॅटरीच्या मधी हा टेस्टिंगचा बल्ब धर. चावी बंद हाय ना? पेटला तर समज, गाडी उभ्या-उभ्या चोरून करंट खाती."

अजमतबीनं बल्ब धरला. तो पेटला नाही.

"बिघडला काय माझ्या हातानं?"

"न्हाई. चांगलं झालं. करंट कुठं मुरत न्हाई. म्हणजे येतच नसंल."

वायर परत लावून जीप सुरू केली. हेडलाइट लावून राधाकिशननं ॲक्सिलेटर दाबला. इसाकभाई समोर उभे राहून दिव्यांकडं बघत होते. इंजिनाचा आवाज वाढला, पण उजेड वाढला नाही.

"चार्जिंगच न्हाई," ते म्हणाले. "बंद कर. आता नुसती चावी फिरव. बॅटरीचा लाल दिवा लागतो का?"

"न्हाई लागत. बरंच हाय की ते. लाल दिवा न्हाई म्हणजे बिघाड न्हाई."

"उलटं हाय, बाबा. चावी फिरवली की तो लागला पायजे, इंजिन चालू झालं की विझला पायजे. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला त्याच दिव्यातनं पहिला करंट जातो. तोच गेला न्हाई तर अल्टरनेटर जागा कसा होणार?"

त्यांच्या आवाजात बरेच दिवसांनी जुना तोरा आला होता. अजमतबीला तो ऐकू आला, पण तिनं वर पाहिलं नाही.

लाल दिव्याचा बल्ब काढून दुसऱ्या दिव्याच्या जागी लावून पाहिला, तर तो छान पेटला. म्हणजे वायरच कुठंतरी तुटली होती. अजमतबी डॅशबोर्डखाली पाठीवर निजली. आत अंधार होता. ती बोटांनी वायर चाचपत पुढं सरकू लागली.

"बारीक पिवळी. सोडू नको तिला."

"सोडत न्हाई." थोड्या वेळानं ती थांबली. "इथं खरखर लागतंय. उंदरानं खाल्लीय वाटतं."

"टोकं दिसत्यात?"

"दोन्ही. हिरवी पडलीत."

इसाकभाई मोठ्या कष्टानं खाली बसले आणि चांगला डावा हात आत घालून त्यांनी एक टोक धरून ठेवलं. अजमतबीनं चाकूनं तांबं खरवडून चकाकतं केलं, दुसऱ्या टोकाशी पीळ दिला आणि वर टेप गुंडाळली. तिचा पीळ गोधडीतल्या टाक्यासारखा घट्ट होता. त्या अडचणीच्या जागेत दोघांची डोकी एकमेकांना लागली होती.

"जोर करू नको," ते हळूच म्हणाले. "तुझी बोटं कापतील."

"तुमची कापली तवा मी हळद लावायची. आता तुमी लावा."

राधाकिशननं चावी फिरवली. लाल दिवा लागला. इंजिन सुरू झालं आणि तो विझला. ॲक्सिलेटर दाबताच भर उन्हातसुद्धा हेडलाइट उजळलेले दिसले. राधाकिशन स्टेअरिंगवर कपाळ टेकून क्षणभर तसाच बसला.

जीपची स्वतःची बॅटरी चार्जिंगला लावली. ती तयार होईपर्यंत अजमतबीनं भाकरी बांधल्या. इसाकभाई पेटी आवरून जीपमध्ये पुढं जाऊन बसले.

"तुमी कुठं?" राधाकिशननं विचारलं.

"जोड नवा हाय. वाटेत काय झालं तर तुला समजणार हाय का?"

"मग मला बी यावं लागतंय," अजमतबी मागं चढत म्हणाली. "यांना हात पायजे."

कोल्हापूरकडच्या त्या उसाच्या फडावर पोचल्यावर पाचटाच्या कोपीतून अंजना बाहेर आली. बाप आलेला पाहून ती रडली. परतीच्या वाटेवर अजमतबीनं तिचे सुजलेले पाय आपल्या मांडीवर घेतले आणि खड्डा आला की ते वर उचलून धरले. चहाला थांबले तेव्हा राधाकिशन गाडी बंद करायला घाबरत होता. "कर बंद," इसाकभाई म्हणाले. त्यानं बंद केली. चहा पिऊन झाल्यावर चावी फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्यात उठली.

अंजनाला बीडच्या दवाखान्यात मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. पाऊस त्यानंतर बऱ्याच उशिरा झाला. दुकान मात्र पुन्हा बंद झालं नाही. सुरुवातीला लोक बाई वायर जोडताना बघायला म्हणून थांबायचे, नंतर कामाला येऊ लागले. एकदा एका पाहुण्यानं इसाकभाईंना विचारलं, "हे सगळं भाभीला तुमी शिकवलं?"

"मी नुसता बोलतो," ते म्हणाले. "आज काय बोललो ते तिलाच विचारा. ऐकत न्हाई ती सगळं."

गाडीखालून अजमतबी हसली आणि तिनं टेप मागितली. त्यांनी डाव्या हातानं ती पुढं केली.