केस सरळ होईपर्यंत खिडकी बंद

केस सरळ करायचे स्मूदनिंग चालू असताना खिडकी उघडायची नाही, हा नियम माझा. दमट हवा लागली की केस पुन्हा पिंजारतात आणि गिऱ्हाईक तोंड फुगवते. या पार्लरमध्ये बत्तीस वर्षे माझा शब्द कोणी मोडलेला नाही. सूनबाईंनी तर नाहीच.

त्या दुपारी खुर्चीत वकीलबाई होत्या. निम्मे डोके झाले होते. सून एकेका बटेवरून तापलेला स्ट्रेटनर ओढत होती. प्रत्येक ओढीला धूर उठे आणि माझ्या डोळ्यांना झोंबे. तिला खोकल्याची उबळ आली, ती थांबेना.

"पाणी पी," मी बसल्या जागेवरून म्हणाले.

"एवढी बट होऊ द्या, आई." तिचा आवाज महिनाभर बसलेला होता. मी त्याला सर्दी म्हणत आले होते.

मी केसांना लावायच्या नव्या औषधाची बाटली उचलली. पुढे ठळक अक्षरांत 'फॉर्माल्डिहाइडमुक्त'. चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली: मिथिलीन ग्लायकॉल. शेजारच्या औषधविक्रेत्याने मला बजावले होते, "काकू, हे नाव दिसलं तर घेऊ नका. तापवलं की त्यातून फॉर्माल्डिहाइडचाच विषारी वायू निघतो." मी त्याला म्हणाले होते, "तू आपल्या गोळ्या वीक."

तेवढ्यात सुनेने भिंतीला हात टेकला. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. स्ट्रेटनर मात्र तिने सोडला नव्हता.

"खिडकी उघड."

"केस... बिघडतील."

"बिघडू देत."

ती हलली नाही. माझीच शिकवण, हाडीमाशी मुरलेली. अखेर मी उठले, स्ट्रेटनर हिसकावून बटण बंद केले, खिडकी सताड उघडली आणि दोघींना दंडाला धरून जिन्यावर आणले.

"काकू, चार वाजता मला कोर्टात उभं राहायचंय," वकीलबाई म्हणाल्या. "अर्धी सरळ, अर्धी झिपरी. जजसाहेब माझं ऐकतील की बघत बसतील?"

"घरी जाऊन डोकं स्वच्छ धुवा आणि अंबाडा घाला. हे औषध माझ्या दुकानात पुन्हा तापणार नाही."

सून पायरीवर वाकून बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिचे श्वास मोजत होते.

"चल, डॉक्टरांकडे."

"अजून दोघी यायच्यात."

"फोन करून सांगते त्यांना."

"काय सांगाल?"

"माझं चुकलं म्हणून."

ती धापा टाकतच हसली. "त्यांना खरं वाटायचं नाही, आई," म्हणाली, आणि उठण्यासाठी तिने माझा हात मागितला.