जयदेवची न बुडणारी टाकी

कमळीला संडास पाहिजे होता. बंगला नको, फ्रीज नको, गळ्यात नवा हार तर नकोच नको. घरच्या घरी, आतून कडी लावून बसता येईल असा एक संडास, बस्स. लग्न होऊन ती या खाडीकाठच्या गावात आली तेव्हा तिवरांच्या झाडीआड जायची सोय तरी होती. आता तिवरांच्या समोरच सात मजल्यांची सोसायटी उभी राहिली आणि तिथली माणसं सकाळी गॅलरीत चहाचे कप घेऊन निवांत उभी राहायला लागली. मग कमळीने काय करायचं? उजाडायच्या आत धावत जाऊन यायचं, नाहीतर दिवसभर कळ काढायची. बायकांचं हे दुखणं पुरुषांच्या ध्यानात येईल तर शप्पथ!

तिच्या नवऱ्याच्या, जयदेवच्या ध्यानात आलं, पण कधी? मुलीची, योगिनीची, सोयरीक ठरली तेव्हा. होणारे व्याही दिनानाथ ठाण्याचे, कंपनीत साहेब. बोलणी झाली, पोहे झाले, आणि निघताना त्यांनी हळूच विचारलं, "सोय कुठे आहे?" जयदेवने तिवरांकडे बोट दाखवलं. दिनानाथांनी गॅलरीतली माणसं पाहिली आणि ठाण्यापर्यंत कळ काढली. जयदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोसाठी जे इतक्या वर्षांत सुचलं नाही, ते व्याह्यांसाठी एका दुपारीत सुचलं.

आता जमीन म्हणाल तर नुसतं खाजण. सरकारने भराव टाकून दिलेला प्लॉट, हातभर खणलं की खाली खारं पाणी. कमळीने लावलेली भेंडी मिठाने करपली होती. शेजारच्या रज्जाकच्या भिंतीला दर पावसाळ्यात नवी भेग पडायची. असल्या जमिनीत शोषखड्डा काय शोषणार? तोच उलटा ओकणार. म्हणून जयदेवने तुर्भ्याच्या कारखान्यातून सिमेंटची तयार टाकी आणली. सगळीकडून बंद, भरली की गाडी बोलावून उपसायची.

टाकी दोन भागांत आली होती. ते जोडायचे कसे, हे जयदेवला कोणी शिकवायला नको होतं. नोकरी न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेनवर असली तरी बापजादे होड्या बांधणारे. त्याने सांध्यात कापूस ठोकला, राळ ओतली, बाहेरून डांबराचे हात दिले. "खाडीचा थेंब आत आला तर मिशी उतरवीन," असं गावभर सांगत सुटला. रज्जाक त्याच बंदरात माल सोडवायचं, क्लिअरिंगचं काम करायचा. तो कुंपणावरून म्हणाला, "जयदेव, टाकी पुरतोस का दर्यात सोडतोस?"

संडास झाला. कमळी डबा घेऊन निघाली, तर जयदेव दारात आडवा.

"पयला मान व्याह्यांचा!"

"म्हंजे?"

"नव्या होडीची पयली मासळी कोनाला? देवाला. मगच घरात. रीत हाय आपली."

"अवो, तो देव! त्याची नि ह्याची काय बरोबरी? आन तवर मी काय करू?"

"इतकी वर्सं काडलीस, साखरपुड्यापर्यंत काड!"

त्याने संडासाच्या दाराला झेंडूचा हार बांधला. कमळी डबा घेऊन तिवरांकडे गेली, आणि टाकी कोरडी ठणठणीत राहिली.

साखरपुडा कोजागिरीला ठरला. पौर्णिमेला दुपारी उधाण येतं हे कोळ्याच्या पोराला सांगावं लागतं का? जयदेवला भरतीची वेळ तोंडपाठ होती. पण ती भरती आपल्या अंगणाखालीही येते, हे काही त्याच्या टाळक्यात शिरलं नाही. अंगणात पाय ठेवू तिथे चिखल. टणक जागा एकच, टाकीच्या झाकणावरची. तिथे सतरंजी घातली, वर खुर्ची मांडली आणि दिनानाथांना मानाने बसवलं.

भरती चढत गेली. दिनानाथ संस्कारांवर बोलत होते. पेढ्याचं ताट घेऊन आलेल्या जयदेवला व्याही मघापेक्षा उंच वाटले. मोठा माणूस, असं मनात म्हणून तो पाणी आणायला वळला. परत येतो तर व्याह्यांचे गुडघे त्याच्या छातीला लागले.

"जयदेव," रज्जाक हळूच म्हणाला, "व्याही वर चाललेत."

"शुभ बोल रे!"

तेवढ्यात मोठ्ठा ढेकर दिल्यासारखा आवाज झाला. पाईप निखळला, चिखल फाटला आणि डांबराने चकाकणारी टाकी दिनानाथांसकट वर आली. खुर्ची डुलत होती. दिनानाथ ओरडले, "अहो, धरा! मला पोहता येत नाही!"

सहाजणांनी त्यांना उचलून उतरवलं. पाहुणे बावरले आणि योगिनीने पदरात तोंड लपवलं.

"पानी भरा आत!" कमळी ओरडली. "रिकामी हाय म्हनून तरंगते!"

जयदेव बादली धरून नुसता उभा राहिला. बापाने त्याला होडीतलं पाणी उपसायला शिकवलं होतं, ओतायला नाही. कमळीने त्याच्या हातातली बादली हिसकावली, झाकण उघडलं आणि ओतली. मग पाहुणे, गाववाले, मुलाकडच्या बायकासुद्धा बादल्या घेऊन धावल्या. टाकी अर्धी भरली, ओहोटी लागली, आणि स्वारी बुडबुडे सोडत, जराशी वाकडी होऊन, पुन्हा खड्ड्यात बसली. रज्जाकने नि जयदेवने पाईप जोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"चला व्याही," जयदेव घाम पुसत म्हणाला, "आता मान घ्या."

दिनानाथांना मानाची खरोखरच गरज होती. ते लगबगीने निघाले. जयदेवने दार ढकललं, तर आतून कडी.

"कोन हाय आत?"

"मी," कमळी म्हणाली.

"अगं, व्याही उभे हायेत! लवकर आटप!"

आतून कमळी शांतपणे म्हणाली, "उभे ऱ्हाऊ दे. लगीन झाल्यापासून आज पयल्यांदा मला घाई नाय."

जयदेव दाराकडे पाठ करून राखणीला उभा राहिला आणि व्याह्यांना म्हणाला, "बसा जरा. तिचं झालं की तुमचं."