रडका बुवा की दुसराच कोणी?

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. माझ्याबद्दल एवढेच मला छातीठोकपणे सांगता येते. बाकी सगळा घोळ आहे.

माझ्यावरचे गाणे एका ब्रिटिश रॉक बँडचे. त्या पोरांनी जीव तोडून वाजवले, मग कारखान्यात साचा दाबला गेला आणि माझ्या अंगावर बारीक खाचा उमटल्या. पण बँडकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. दुकानात मी तशीच पडून राहिले. शेवटी बोटीवरच्या एका स्वयंपाक्याने मला स्वस्तात उचलले आणि आपल्या शिंपी भावाला भेट म्हणून दिले.

प्रवासात माझे पुठ्ठ्याचे वेष्टन भिजले होते. शिंपीकाकांनी उरलेल्या अस्तराची मला पिशवी शिवली. त्यांच्याकडच्या सगळ्या मोठ्या तबकड्या सावकाश फिरत. मीही मोठी, म्हणून मलाही सावकाशच फिरवले. आवाज निघाला तो जड, घोगरा, अगदी दमलेला.

"अगंबाई, कुणी गेलं वाटतं बिचाऱ्याचं!" काकू हळहळल्या.

काकांनी हसत एक चिठ्ठी घेतली, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावतात तसली. तिच्यावर 'रडका बुवा' लिहिले आणि ती माझ्या मधल्या गोल कागदावर चिकटवली. मी स्वतःला आधी कधी ऐकलेच नव्हते. मलाही ते खरे वाटले.

रोज संध्याकाळी शिलाई मशीन थांबले की दोघे मला ऐकत बसत. पुढे काका गेले. काकू एकट्याच मला लावत आणि रडत. रडायला कुणाची तरी सोबत आहे, असे त्यांना वाटे. आपण कामाला येतो, याचे मलाही बरे वाटे.

मग काकूंचे नवे जावई लेकीसोबत राहायला आले. कुणीच न ऐकलेले जुने ब्रिटिश बँड शोधायचे त्यांना भारी वेड. त्यांनी माझी चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि खालचे नाव वाचून ते उडालेच.

"आई, अहो, हा बँड मी कधीचा शोधतोय! आणि ही तर जलद फिरवायची असते!"

त्यांनी बटण फिरवले. मला गरगरले. माझ्यातून एक टिपेचा, खट्याळ आवाज बाहेर पडला आणि मागे धडाधड ढोल. मी दचकले. हा कोण?

"बंद करा ते!" काकू ओरडल्या. "काय केलंत माझ्या बुवाचं?"

"आई, हेच खरं गाणं आहे. तुम्ही चुकीच्या वेगाने ऐकत होता."

काकूंचा चेहरा पडला. "मग हे गेल्यापासून मी रडले, ती कुणाबरोबर? घेऊन जा ती. माझी नव्हेच ती."

लेकीने नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिले. जावयांनी मला पिशवीत घातले. घर सुटणार म्हणून मला फार वाईट वाटले. तेवढ्यात काकूंनी विचारले, "शब्द तरी काय आहेत हो त्यात?"

"काही नाही... बस चुकली म्हणून चिडलाय तो. पुढची येईपर्यंत नाचू या म्हणतोय."

"बस?" काकू बघतच राहिल्या. "मेल्याची बस चुकली होती?" आणि पदर तोंडाला लावून त्या हसत सुटल्या. "ठेवा, ठेवा तिला इथेच."

आता त्या मला दोन्ही वेगांनी ऐकतात. सावकाश लावले की त्यांना हसू फुटते. जलद लावले की पाय ठेका धरतात आणि मग एकाएकी डोळे भरून येतात. "ह्यांना हे ऐकायलाच मिळालं नाही," असे म्हणतात. मग मी रडवणारी की हसवणारी? माझे मलाच कळेनासे झाले आहे.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. घरातल्या जुन्या तबकडीला उन्हात ठेवू नका, तिची धूळ मऊ कापडाने पुसा. आणि ज्याच्यासोबत ती ऐकायची, ते माणूस घरात आहे तोवर ती नीट ऐकून घ्या.