सत्तेचाळीस चमचे

डब्यात होतं ते असं: उकडलेल्या एका अंड्याचे आठ तुकडे, घोटलेली मसूर पस्तीस मिलीलिटर, मऊ भात दोन लहान चमचे आणि कुस्करलेलं गाजर एक चमचा. सगळं मिळून शंभर मिलीलिटर. संध्याकाळी बाबा कामावरून परतले तेव्हा डब्यात अंड्याचे सात तुकडे आणि तेहतीस मिलीलिटर मसूर होती. भाताला आणि गाजराला कुणी हातही लावला नव्हता.

"भूक नव्हती का?" मी विचारलं.

"भूक कुठली गं आता? ती डॉक्टरांनी कापून बाटलीत भरून ठेवलीय."

"आणि जे खाल्लं ते?"

"राहिलं नाही," बाबा बूट काढता काढता म्हणाले. उलटी झाली असं ते कधी सरळ म्हणत नसत. राहिलं नाही म्हणत, जणू पाहुणा आला होता आणि चहा न घेताच निघून गेला.

बाबा यंत्रांच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी आहेत. सव्वीस वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी त्यांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढून टाकला, उरली केळ्याएवढी एक नळी. पहिले तीन महिने ते घरी होते आणि सगळं सुरळीत चाललं होतं. एकशे अडतीस किलोंचे एकशे बारा झाले. मी रसायनशास्त्र शिकलेली, त्यामुळे मोजमाप आपोआप माझ्याकडे आलं. मोजपात्र, तराजू, वही, सगळं ओट्यावर मांडलेलं असे. आई म्हणायची, "एवढ्याशा वाटीकडे बघून मांजरसुद्धा नाक मुरडेल." तीस वर्षं त्या माणसाला तिने वाढलं होतं. पातेल्यातून वर आलेला तिचा हात शंभर मिलीलिटरला थांबायचाच नाही. शेवटी वाढायचं काम तिने माझ्यावर सोपवलं आणि स्वतः पाठ करून भांडी आवरू लागली.

मग बाबा कामावर रुजू झाले आणि आठवड्याभरात सगळं बिघडलं. डबा उरायचा, उलट्या व्हायच्या, केस गळायचे. महिन्याच्या तपासणीत रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे एक महत्त्वाचं प्रथिन, तीन पूर्णांक एक निघालं. किमान साडेतीन हवं होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी कागद बाजूला ठेवला.

"तुमच्या पुढ्यात उकळती पातेली असतात. तिथे चक्कर आली तर? महिन्याने पुन्हा रक्त बघू. साडेतीनच्या वर आलं नाही, तर स्वयंपाकघरातलं काम बंद, असं मी लिहून देणार."

जिना उतरताना बाबा एका पायरीवर थांबले. "मग मी करायचं काय? फाटकावर शिट्टी घेऊन बसू?"

मला एकाच गोष्टीचं कोडं पडलं होतं. रविवारी घरी तेच अंडं, तीच मसूर, तेच शंभर मिलीलिटर अर्ध्या तासात संपायचे आणि राहायचेही. सोमवार उजाडला की नाही. पोट तेच, अन्न तेच. म्हणजे बदलत होतं ते दुसरंच काहीतरी.

एका बुधवारी मी कामावरून सुट्टी घेतली आणि सकाळीच कँटीनमध्ये गेले. पंधरा वर्षांनी जात होते. मागचं दार अजून ओढताना खालून घासत होतं. आत तीच वाफ, खिडकीच्या काचेवर तेच ओघळ, आणि भिंतीपाशी उलटं घातलेलं बाटल्यांचं लाकडी खोकं. शाळा सुटली की मी त्या खोक्यावर बसून अभ्यास करायचे. मधेच बाबा पळी घेऊन यायचे. "हात." मी तळहात पुढे करायचे. पळीच्या टोकावरून एक टपोरा थेंब पडायचा. "दहा म्हण." मी एक ते दहा म्हणायचे, मग थेंब चाटायचे. "मीठ?" "कमी." त्यावर बाबा मोठ्या पातेल्याकडे वळून खरंच मीठ टाकायचे. कारखान्यातली पाचशे माणसं माझ्या शब्दावर जेवतात, असं मी वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

भांडी घासणाऱ्या मावशींनी मला ओळखलं. "अगं बाई, खोकंवाली! बस की तुझ्या गादीवर. आता मावशील का त्यावर?"

मी बसले. बाबांनी लांबून हात केला. ते कामात गढले होते. कँटीनमध्ये त्यांना सगळे मोठे आचारी म्हणतात. सव्वीस किलो उतरले तरी तेच म्हणत होते. पाच पातेली चढली होती: सूप, मसूर, बटाट्याचा रस्सा, कोंबडी आणि कस्टर्ड. बाबा एकाकडून दुसऱ्याकडे जात होते. एप्रनच्या खिशातून लांब दांड्याचा स्टीलचा चमचा निघायचा, पातेल्यात जायचा, तोंडात जायचा, डोळे क्षणभर मिटायचे, आणि चमचा बाजूच्या गरम पाण्याच्या भांड्यात बुडून पुन्हा खिशात.

हे मी लहानपणी हजार वेळा पाहिलं असेल. मोजलं कधीच नव्हतं.

"काय पुटपुटतेस?" मावशींनी विचारलं.

"चमचे मोजतेय. सतरा झाले."

मावशींनी हातातली घासणी थांबवली. "मोज बाई मोज. अगं, डबा उघडतो तेव्हा तुझ्या बापाचं पोट तट्ट झालेलं असतं. मी सांगितलं तर मलाच म्हणतात, मावशी, मी कुठे जेवलो? चाखलं फक्त."

साडेबारा वाजेपर्यंत सत्तेचाळीस झाले.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडून चमचा मागून घेतला. हॉस्पिटलातून आलेली दहा मिलीलिटरची सिरिंज माझ्या पर्समध्ये होती. काठोकाठ भरला तर चमचा आठचा होता. ते भरत तितका धरला तर सहाचा. वहीच्या मागच्या पानावर मी गुणाकार केला आणि त्यांच्यापुढे धरला. दोनशे ब्याऐंशी मिलीलिटर.

"बाबा, तुम्ही डबा उघडायच्या आधी जवळजवळ तीन डबे जेवलेले असता. त्यातला निम्मा रस्सा आणि कस्टर्ड. अंड्याला जागा राहणार कुठून?"

"ते जेवण नाही."

"मग काय आहे?"

"काम आहे ते! डॉक्टरांनी खाण्याबद्दल विचारलं, मी खाण्याबद्दल सांगितलं. कामाबद्दल कुणी विचारलं?" ते खरंच चिडले होते. खोटं बोलत नव्हते. सव्वीस वर्षांत तो चमचा त्यांनी खाण्यात धरलाच नव्हता. आणि मीही चार महिने घरातला प्रत्येक दाणा मोजला, पण हा चमचा माझ्याही वहीत कधी आला नव्हता.

"तर मग थेंबावर चाखा," मी म्हणाले. "माझ्या हातावर टाकायचात तसा."

बाबा हसले, पण लगेच हसू मावळलं. "ते मला माझ्या उस्तादांनी शिकवलेलं. त्यांच्या हाताखाली असताना चमचा तोंडात घातला की बोटांवर पळी बसायची. पुढे ते गेले. मग मला विचारणारं कोण होतं?"

"तर मग सोपंच आहे."

"सोपं?" त्यांनी चमचा माझ्या हातातून परत घेतला आणि एप्रनला पुसत राहिले. "तुला कसं सांगू? सकाळी उठतो तेव्हा भूक नसते. दुपारी नसते. ताटावर बसायचं म्हणून बसायचं, घड्याळ बघून घास घ्यायचा. आधी कसं होतं, घरी येताना जिन्यातच तुझ्या आईच्या फोडणीचा वास यायचा आणि मी दोन-दोन पायऱ्या चढायचो, एवढं वजन घेऊन! ते सगळं गेलं. हा चमचा तोंडात जातो ना, तेवढ्यापुरता मी जुना असतो. बस, एवढंच."

मावशी नळ बंद करून ऐकत होत्या. मी वही मिटली.

"काम गेलं तर चमचाही जाईल, बाबा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चमचा खिळ्याला टांगला आणि थेंबावर चाखलं. संध्याकाळी घरी आले ते धुमसत. सूप खारट झालं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. लेथवरचा एक म्हातारा खिडकीपाशी येऊन म्हणाला होता, "मोठे आचारी, पोटाबरोबर जीभही कापली की काय?" रांगेतले सगळे हसले होते.

"उद्यापासून चमचा," बाबा म्हणाले. "नोकरी जायचीच असेल तर रक्तामुळे जाऊ दे. खारट सूप दिलं म्हणून नको."

मी त्यांना म्हटलं, चाखता कसं ते करून दाखवा. त्यांनी घरच्या मसुरीत पळी बुडवली, थेंब तळहातावर पाडला आणि लगेच चाटला.

"दहा कुठे म्हणालात?"

"काय?"

"मला दहा म्हणायला लावायचात. एक ते दहा."

"ते तुझी जीभ भाजू नये म्हणून गं."

"उस्ताद तुम्हाला म्हणायला लावायचे का?"

बाबांनी पळी पुन्हा मसुरीत ठेवली. "हो," ते म्हणाले. "मोठ्याने. मला वाटायचं, सगळ्यांसमोर लाज काढतात."

चमचाभर गरम रशाला त्यांची जीभ सरावली होती; एका गरम थेंबात मात्र मीठ कमी जाणवतं आणि हातून जास्त पडतं. थेंब तळहातावर दहा आकड्यांत कोमट होतो, तेव्हा खरी चव कळते. बाबांनी पुन्हा थेंब पाडला. या वेळी ते मोजत होते. एक, दोन, तीन, अगदी मोठ्याने, शाळेतल्या मुलासारखे, आणि आई हातातलं फडकं तसंच धरून दारात येऊन उभी राहिली. दहाला त्यांनी थेंब चाटला, डोळे मिटले.

"मीठ?" मी विचारलं.

"बरोबर आहे. हळद किंचित जास्त."

"माझी मसूर आहे ती," आई म्हणाली. "हळद तेवढीच असते. वीस वर्षांपूर्वी बोलायचं होतंत."

"तेव्हा इतकं हळू कोण खात होतं?"

तेव्हापासून कँटीनच्या स्वयंपाकघरात सकाळभर आकडे ऐकू येतात. मावशी सांगतात, पोरं आता बाहेरून कोरस धरतात, आणि दहाला सगळे एकदम ओरडतात, "मीठ?" म्हातारा लेथवालाही त्यात असतो. लांब दांड्याचा चमचा खिळ्यावरून घरी आला. तो आता डब्याबरोबर असतो, आणि बाबा अंडं आधी, मसूर नंतर, त्याच चमच्याने खातात. परवा म्हणाले, "इतकी वर्षं हा चमचा पातेल्यात बुडवला, पण त्याने बसून जेवलो पहिल्यांदाच."

तपासणीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्या खोक्यावर जाऊन बसले. सूप, मसूर, रस्सा, कोंबडी, कस्टर्ड. मावशी भांडी वाजवत होत्या. बाबा पळी घेऊन माझ्यासमोर आले आणि उभे राहिले. मी तळहात पुढे केला. थेंब पडला, मी एक ते दहा म्हणाले आणि तो चाटला.

"मीठ?"

"कमी."

ते सुपाच्या पातेल्याकडे वळले आणि त्यांनी मीठ टाकलं.

साडेबारापर्यंत त्यांचे चौतीस थेंब झाले. सिरिंजने मोजलं तर दहा थेंबांचा एक मिलीलिटर होतो. चाखणं तीन पूर्णांक चार मिलीलिटर. डबा शंभर मिलीलिटर, वेळ अठ्ठावीस मिनिटं, उरलेलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंनी पाकीट उघडलं, कागद आमच्याकडे फिरवला आणि एका ओळीखाली पेन्सिल ओढली. अल्ब्युमिन, तीन पूर्णांक सहा.