राजाला उलट बोलणारा

कळसूत्री बाहुल्यांच्या त्या खेळात राजा छाती पुढे काढून विचारतो, "या दरबारात मला उलट बोलणारा कोणी आहे का?" आणि गप्प उभा राहतो. सूत्रधाराच्या आजोबांच्याही आजोबांपासून ही जागा अशीच मोकळी सोडलेली. प्रेक्षकांतल्या कुणीही उठावं, राजाची फिरकी घ्यावी, राजाने ती परतवावी, मग गोष्ट पुढे सरकावी. एका खेळात राजा हा प्रश्न सात-आठ वेळा तरी विचारतो, कारण राजेलोकांचं एकदा ऐकून भागत नाही.

कुणीही म्हटलं, तरी गेली तीस वर्षं उठायचा एकच माणूस. सूत्रधाराचा मेहुणा. धंद्याने न्हावी, दुकान सभागृहाच्या समोरच. हातापेक्षा जीभ जास्त चालायची, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणत. दर शनिवारी तो रीतसर तिकीट काढून दुसऱ्या रांगेत कडेला बसायचा. "फुकट बसलो तर भिडेपोटी भावोजींना चांगलं म्हणावं लागेल," हे त्याचं कारण. एकदा त्याच्या टोमण्यावर पहिल्या रांगेतले एक आजोबा असे हसले, की त्यांची कवळी उडून राजाच्या पायाशी पडली आणि उरलेला अंक राजाने ती कवळी घालून केला. हे डोळ्यांनी पाहिल्याचं सांगणारे इतके भेटतात, की सभागृहात तेवढ्या खुर्च्याच नाहीत.

तर एका शनिवारी सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंनी खेळाचं चित्रण करवून घेतलं. दोन दिवसांनी त्या रंगमंचामागच्या खोलीत आल्या, तेव्हा सूत्रधार राजाचं निखळलेलं नाक डिंकाने चिकटवत बसला होता.

"फिल्म झकास झालीय," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी आमच्या वेबसाइटवर टाकायची. लोकांनी बघितली, तिकिटं काढली, तर तुमचा शनिवार चालू. नाहीतर विश्वस्तांचं ठरलंय, रंगमंच काढायचा आणि जागा पोट कमी करण्याच्या वर्गाला द्यायची."

"मग टाका की!"

"तुमची परवानगी मिळाली, ढोलवाल्यांची मिळाली. मेहुण्यांची राहिलीय."

"त्याची कशाला? तो प्रेक्षक आहे. उद्या खुर्चीचीही परवानगी घ्याल!"

"खुर्ची बोलत नाही हो. हे बघा, गोष्ट परंपरेची. ती कुणाच्या मालकीची नाही, कुणीही करावी. पण तुम्ही ज्या ढंगाने करता तो खेळ तुमचा. तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही तो जगापुढे मांडत नाही. मग त्या मोकळ्या जागेत मेहुणे जे बोलले ते कुणाचं? तुमच्या आजोबांनी तर ते बसवलेलं नाही. ते त्यांच्याच डोक्यातून निघालंय." बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "शिवाय फिल्ममध्ये लोक हसतात, ते बहुतेक तिथेच."

हे शेवटचं वाक्य त्यांनी गिळलं असतं तर बरं झालं असतं. सूत्रधाराच्या हातून राजाचं नाक तिरकं चिकटलं आणि तिरकंच राहिलं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनाशी पुटपुटत तो समोरच्या दुकानात गेला. दाढीचं निमित्त होतंच.

"बसा भावोजी," कात्री म्हणाला. फेस लावून झाला, वस्तरा गालावरून फिरायला लागला.

"ती फिल्म टाकायचीय म्हणे," सूत्रधाराने सहज बोलल्यासारखं केलं. "तुझी काही हरकत नसेलच."

"छे, हरकत कसली! फक्त शेवटी नावं येतात ना, त्यात माझं टाका. कलाकार म्हणून."

"कलाकार? तू? अरे, तिकीट काढून येतोस तू!"

"म्हणजे मीच खरा कलाकार. बाकीचे पैसे घेतात, मी पदरचे घालतो." वस्तरा हनुवटीखाली येऊन थांबला. "आणि अजून एक. परवानगी राजाने मागायची. रंगमंचावर, सगळ्यांसमोर. तीस वर्षं विचारतोय ना, उलट बोलणारा कोणी आहे का म्हणून? एकदा नीट विचार म्हणावं."

"माझा राजा न्हाव्यापुढे हात पसरणार नाही!"

"मग फिल्मही पसरणार नाही."

सूत्रधार ताडकन उठला आणि गळ्यातलं फडकं भिरकावून चालता झाला. अर्धी दाढी तशीच राहिली. ती दुसऱ्या न्हाव्याकडे पुरी करावी, तर कात्रीला बातमी लागणार. घरी करावी, तर बायकोला कारण सांगावं लागणार. म्हणून तो गालाला मफलर गुंडाळून हिंडू लागला. कुणी विचारलं तर दाढ दुखते म्हणायचा.

घरी मुलगी कॉम्प्युटरवर काम करणारी होती. त्याने तिला मामाचे सगळे टोमणे कापून टाकायला लावले. तिने कापले. मग बापलेक पाहायला बसले. राजा विचारतो, उलट बोलणारा कोणी आहे का. शांतता. मग राजा एकदम खवळून म्हणतो, "तुझ्या दुकानातली झुरळंसुद्धा टकली झालीत!" पुन्हा शांतता. मग स्वतःच पोट धरून हसतो.

"बाबा," मुलगी म्हणाली, "याला डॉक्टरकडे न्यायला हवं."

मग सूत्रधाराने दुसरी युक्ती काढली. नवं चित्रण करायचं. कात्रीला आत सोडायचं नाही आणि त्याच्या जागी बायकोला बसवायचं. ती बाहुल्यांचे कपडे शिवायची, खेळ तिला तोंडपाठ होता. शिवाय ती कात्रीची सख्खी बहीण, म्हणजे धार तीच. बाईंनी कॅमेरा लावला. राजाने छाती काढली.

"या दरबारात मला उलट बोलणारा कोणी आहे का?"

"आहे की!" बायको दुसऱ्या रांगेतून म्हणाली. "सकाळी नळ उघडा टाकून कोण गेलं होतं? आणि दाढ दुखते, तर काल शेंगदाणे कसले खात होता?"

राजाचे हात खाली आले. मान खाली आली. मग राजा जो पडद्यामागे गेला, तो बाहेर आलाच नाही. ढोलवाला मात्र इतका हसला की ढोलासकट आडवा झाला.

"मला जमलं नाही का?" रंगमंचामागे येऊन बायकोने विचारलं.

"नको तितकं जमलं."

"मग विचारा की माझ्या भावाला. तुमचे आजोबा शहाणे होते हो. सगळं आपणच बोललं की लोक झोपतात, हे त्यांना ठाऊक होतं. तुम्हालाच तेवढं कळत नाही."

शुक्रवार उद्यावर आला होता. बाई म्हणाल्या, परवानगी तोंडी चालेल, पण कॅमेऱ्यासमोर हवी. त्यासाठी एक जादा खेळ ठरला आणि सकाळीच कात्रीला निरोप गेला. त्या संध्याकाळी कात्रीने दुकान लवकर बंद केलं, केसांना तेल लावलं आणि तिकीट काढून दुसऱ्या रांगेत कडेला येऊन बसला. भावोजी नमणार, ही बातमी त्याने सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कानात सांगितली होती. त्यामुळे सभागृह असं भरलं, की पोट कमी करण्याच्या वर्गाची चौकशी करायला आलेल्या दोन बायकाही तिकीट काढून बसल्या.

पडदा सरकला. तिरक्या नाकाचा राजा पुढे आला.

"या दरबारात मला उलट बोलणारा कोणी आहे का?" एवढं नेहमीचं बोलून तो थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "आहे. मला ठाऊक आहे. त्याला विचारायचंय, की तू आजवर जे बोललास, ते मी जगाला दाखवू का?"

आता राजाने वाकायला हवं होतं. आणि तिथेच घोटाळा झाला. ज्या कोण्या सुताराने हा राजा घडवला, त्याने कमरेत सांधाच ठेवला नव्हता. राजाला वाकायचं कशाला, असा त्याचा साधा हिशोब. दोऱ्या कितीही सैल सोडा, राजा ताठ. सूत्रधाराने एक दोरी ओढली, दुसरी सोडली, राजाने नुसताच एक पाय हलवला. लोक हसायला लागले.

शेवटी सूत्रधार वरच्या दांडीवरून स्वतःच पुढे वाकला. कमरेपर्यंत. तेव्हा कुठे राजा कलला. पण त्या नादात मफलर सुटून खाली पडला आणि दिव्यांच्या उजेडात सूत्रधाराचा चेहरा सगळ्यांना दिसला. एका गालावर नुकते फुटलेले खुंट, दुसऱ्यावर वाढलेली पांढरी दाढी. या खेळाचा सूत्रधार आजपर्यंत प्रेक्षकांना कधी दिसला नव्हता. आता तो उलटा लोंबकळत मेहुण्याकडे बघत होता.

कात्री उठला. तोंड उघडलं. सभागृह कान टवकारून बसलं. राजाचं तिरकं नाक होतं, सूत्रधाराची अर्धी दाढी होती, समोर असं ताट वाढलेलं आणि कात्रीच्या तोंडून अक्षर फुटेना. त्याने तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

"अरे, बोल ना!" त्याची बहीण ओरडली. "त्यांचं रक्त डोक्यात उतरतंय!"

"हो," कात्री म्हणाला. आणि खाली बसला.

"बघा, बघा!" राजा ताठ होत गरजला. "तीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा एका शब्दात आटोपला!"

सभागृह असं कोसळलं, की राजाचं नाक पुन्हा निखळलं.

फिल्म लागली. शेवटी नावंही आली आणि त्यात कात्री हा कलाकार म्हणून दुसऱ्या क्रमांकावर होता. लोकांनी तिकिटं काढली. पोट कमी करण्याचा वर्ग दुसरीकडे गेला, आणि शहरातली पोटं होती तशीच राहिली.

फिल्म लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, सूत्रधार उरलेली अर्धी दाढी करायला गेला आणि बाईंना आता परवानगीचं ते चित्रणही वेबसाइटवर टाकायचंय, असं बोलून गेला. "सगळं टाका भावोजी," वस्तरा परजत कात्री म्हणाला, "पण ते 'हो' नाही टाकायचं. त्याला माझी परवानगी नाही."

"अरे, पण परवानगी त्यातच आहे!"

"असेल. पण काम साफ फसलंय माझं. ते जगात नाही फिरवायचं."

बाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला आणि तेवढा भाग कपाटात ठेवून दिला. सूत्रधाराने त्याची एक प्रत मागून घेतली. घरच्या घरी बघितलं तर चालतं ना, हे त्याने बाईंना तीनतीनदा विचारून घेतलं.

तेव्हापासून पाहुणे आले की टीव्हीवर आधी कात्रीचं ते तोंड उघडणं लागतं, मग चहा. कात्री स्वतःही येतो, खुर्ची ओढून पुढे बसतो. पडद्यावरचा कात्री उठला, की इकडचा कात्रीही उठतो आणि त्या मुक्या माणसाला असे काही टोमणे मारतो, की राजालाही कधी मारले नव्हते. आता त्याला सुचतं. ते टोमणे मोबाइलवर टिपायची मात्र त्याने ताईला सक्त मनाई केली आहे.